पावडरच्या दिवशी म्हणे मित्र नसतात!

अमेरिकेत स्की करणाऱ्या मंडळींची एक लाडकी म्हण आहे : पावडरच्या दिवशी कुणी कुणाचा मित्र नसतो. रात्रभर ताजा बर्फ पडलेला, सकाळी अख्खा डोंगर कोऱ्या वहीसारखा, आणि ज्याला बूट चढवायला पाच मिनिटं जास्त लागतील त्याच्यासाठी थांबायला कुणी तयार नाही. पहिल्या लिफ्टला जो हजर तो राजा, बाकीच्यांनी मागून यावं. म्हण सांगताना सगळे हसतात.

मला ही म्हण साफ खोटी वाटते. पावडरच्या दिवशी मैत्री कमी नसते, उलट ऊतू जाईल इतकी असते. फक्त ती चुकीच्या जातीची असते. "अरे सगळे जातायत ना, चल की" या जातीची. या मैत्रीत एखाद्याला "नको" म्हणावंसं वाटलं तरी तो म्हणत नाही, आणि म्हणालाच तर पुढची दोन वर्षं त्याची टिंगल होते. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की डोंगरावर जाणाऱ्या ग्रुपमध्ये एका माणसाच्या "नको"ला बाकी सगळ्यांच्या "हो"पेक्षा जास्त किंमत असली पाहिजे. ज्या ग्रुपला हे मान्य नसेल त्यांनी खुशाल लास वेगासला जावं. तिथे हरलात तर फक्त पैसे जातात.

ज्यांना हा नाद अजून लागलेला नाही त्यांच्यासाठी थोडं प्रास्ताविक. आम्ही ईस्ट कोस्टवाले देशी लोक स्की शिकतो ते व्हरमाँटला नाहीतर पोकोनोजमध्ये. तिथला बर्फ म्हणजे बऱ्याचदा फ्रीजरमधला ट्रे उलटा केल्यासारखा. कडक, चकचकीत, पडलं की पार्श्वभाग दोन दिवस बोलतो. मग कुणीतरी वेस्टला जाऊन येतो आणि सगळ्यांची डोकी फिरवतो. युटा राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'पृथ्वीवरचा सर्वोत्तम बर्फ' अशा अर्थाची जाहिरात असते, आणि ती अगदीच थाप नाही. सॉल्ट लेक सिटीच्या बाजूला वासॅच पर्वताची रांग आहे. तिच्यातल्या लिटल कॉटनवुड कॅन्यनमधल्या आल्टाला एका हंगामात सरासरी ५०० इंचांहून जास्त, म्हणजे साधारण १३ मीटर बर्फ पडतो. २०२२-२३ च्या हंगामात तर ९०३ इंच पडला. सात मजली इमारत बुडेल एवढा! आणि बर्फ कसा? तर दहातले नऊ भाग नुसती हवा. त्यात उतरताना स्की कशाला टेकल्यासारखी वाटतच नाही. आवाज नाही, धक्का नाही, फक्त छातीपर्यंत उडणारा पांढरा धुरळा. एकदा हे चाखलेला माणूस ऑफिसात एक्सेल शीटकडे बघत असतो, पण त्यात त्याचं लक्ष नसतं.

मग ग्रुप जमतो. प्रेसिडेंट्स डेचा लाँग वीकेंड, विमानाची तिकिटं, भाड्याची एसयूव्ही, भाड्याचं घर. मोठ्या रिसॉर्टवर एका दिवसाचं लिफ्टचं तिकीट खिडकीवर घ्यायला गेलात तर २०० डॉलरच्या वर. बायकांकडून (आणि नवऱ्यांकडूनही, ग्रुपमध्ये दोघी होत्या) मोठ्या मिनतवारीने मिळवलेली परवानगी. इतकं सगळं करून पोचावं, तर रिसॉर्टमधली पावडर अकरा वाजेपर्यंत साफ! सगळीकडे स्कीचे चरे, नांगरलेल्या शेतासारखे. आणि लिफ्टच्या टोकाला एक दोरी. दोरीत एक गेट, गेटवर इशाऱ्याची पाटी, आणि पलीकडे... एकही चरा नसलेला उतार.

त्या दोरीचा अर्थ नीट समजून घ्या. दोरीच्या अलीकडे रिसॉर्टचे गस्तीवाले, म्हणजे स्की पॅट्रोल, पहाटे उठून धोक्याच्या उतारांवर स्फोटकं टाकतात. जो बर्फ सुटायचा तो तुम्ही येण्याआधी सुटावा म्हणून. तरीही धोका शून्य होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅलिसेड्स टाहो इथे रिसॉर्टच्या हद्दीतच हिमस्खलन होऊन एक जण गेला. पण दोरीच्या पलीकडे यातलं काहीच कुणी करत नाही. पलीकडे पॅट्रोल तुम्हीच, स्फोटकही तुम्हीच.

हे शब्दशः घ्या. हिमस्खलनात जे लोक मरतात त्यांतल्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रकरणांत ते स्खलन त्यांनीच किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं. यामागचं शास्त्र साधं आहे. ओट्यावर रवा पसरा आणि वर एक फरशी ठेवा. सपाट ओट्यावर काही होत नाही. आता ओटा तिरका करा. हंगामाच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ थंडीत रव्यासारखा सुटा, दाणेदार होतो. त्यावर वाऱ्याने घट्ट झालेला नवा थर बसतो, ती आपली फरशी. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल (स्कीवाल्यांना नेमका हाच उतार आवडतो) तर एका माणसाचं वजन खालच्या रव्याला मोडायला पुरतं. आणि वरून काय दिसतं? काहीच नाही. वरून सगळी पावडर सारखीच सुंदर दिसते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जण अशाच एका गेटपाशी उभे होतो. दोन दिवस बर्फ आणि वारा झालेला. युटा ॲव्हलांच सेंटर रोज सकाळी धोक्याचा अंदाज देतं, पाच पातळ्यांचा. त्या दिवशी तिसरी पातळी होती. तिसरी म्हणजे मधली, म्हणजे ठीकठाक, असा आपल्या डोक्याचा हिशोब. प्रत्यक्षात अमेरिकेत सर्वांत जास्त माणसं तिसऱ्या पातळीच्या दिवशीच मेली आहेत. चौथ्या-पाचव्याला लोक घाबरून घरी बसतात, तिसऱ्याला निघतात.

आमच्यातला साताऱ्याचा मित्र स्कीमध्ये सगळ्यांत कच्चा, पण सह्याद्रीत वीस वर्षं काढलेला. तो म्हणाला, "माझं मन नाही म्हणतंय रे. मी येत नाही, आणि तुम्हीही जाऊ नये असं मला वाटतं." मी त्याच्या बाजूने उभा राहिलो. दहा मिनिटं खल झाला, चेहरे पडले, आणि आम्ही मागे फिरलो. आमच्या डोळ्यांदेखत दुसरा एक ग्रुप त्याच गेटमधून गेला आणि ओरडत, हसत, आरामात खाली उतरला.

संध्याकाळी घरी सुरू झालं. "बघ, काही झालं का?" "साहेबांचं आठशे डॉलरचं नको!" "पुढच्या वेळी याला महाबळेश्वरला नेऊ, स्ट्रॉबेरी खायला." तो बिचारा हसण्यावारी नेत राहिला. या वर्षी ट्रिपचा नवीन व्हॉट्सॲप ग्रुप झाला, त्यात त्याचा नंबर नव्हता. मी विचारलं तर उत्तर आलं, "यार, तो आला की मूड ऑफ होतो." मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलो. आणि म्हणूनच हा सगळा प्रपंच.

"काही झालं का?" हा युक्तिवाद आधी निकालात काढू. हे बोलणारे चौघेही व्यवसायाने इंजिनिअर. शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट न करता प्रॉडक्शनला कोड टाकला आणि सोमवारपर्यंत काही कोसळलं नाही, तर "बघा, टेस्टची गरजच नव्हती" असं म्हणणाऱ्याला हेच लोक टीममध्ये ठेवणार नाहीत. उतार बहुतेक वेळा सुटत नाही. हीच तर गोची आहे! नव्वद वेळा चुकीचा निर्णय घेऊन माणूस सुखरूप खाली येतो, आणि प्रत्येक वेळी डोंगर त्याला शाबासकी दिल्यासारखा वाटतो. त्याने काही शिकलेलं नसतं, फक्त त्याची पाळी आलेली नसते. निर्णय चांगला की वाईट हे गेटपाशी जे माहीत होतं त्यावरून ठरतं. नंतर काय झालं त्यावरून नाही.

दुसरा युक्तिवाद : "आपल्याबरोबर जाणकार लोक आहेत." यावर टनेल क्रीकची गोष्ट प्रत्येकाने वाचावी. १९ फेब्रुवारी २०१२. वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पास या रिसॉर्टच्या मागच्या बाजूचा उतार. १६ जण जमले. आमच्यासारखे लाँग वीकेंडवाले नव्हेत. व्यावसायिक स्कीपटू, स्की मासिकांचे लोक, स्पर्धांचे परीक्षक, त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर वाढलेले स्थानिक. उतार सुटला, तिघं मेले. एलिस सॉगस्टॅड ही व्यावसायिक स्कीपटू एअरबॅगमुळे वाचली. न्यूयॉर्क टाइम्सच्या जॉन ब्रँच यांनी यावर 'स्नो फॉल' हा दीर्घ लेख लिहिला, त्याला २०१३ चं पुलित्झर मिळालं. त्यात सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट बर्फाची नाहीच. नंतर अनेकांनी सांगितलं की त्यांच्या मनात शंका होती. इतका मोठा ग्रुप, असा दिवस, असा उतार... पण एवढे दिग्गज काही बोलत नाहीत तर मी कोण बोलणार? प्रत्येक जण दुसऱ्याच्या शांततेकडे बघून निश्चिंत झाला, आणि तो दुसरा याच्याकडे बघून. थोडक्यात, जाणकारांचा ग्रुप म्हणजे जाणकार निर्णय नव्हे.

इयन मॅकॅमन नावाच्या संशोधकाने १९७२ ते २००३ या काळातल्या अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला. त्याचा प्रश्न असा होता की धोक्याच्या खुणा समोर असताना लोक उतारावर जातात का? त्याला सापडलेले सापळे वाचताना आपल्या ग्रुपचा चॅट वाचतोय असं वाटतं. ओळखीची जागा आहे. इतरांच्या नजरेत भाव मिळवायचा आहे. एवढं ठरवून आलोय, आता मागे कसं फिरायचं. एक जण अनुभवी आहे, तो बघेल. दुसरे लोक जातायत, म्हणजे ठीकच असेल. आणि पावडर थोडी आहे, आत्ता नाही तर कधीच नाही. याहून बोचरी गोष्ट म्हणजे ओळखीच्या जागी गेल्यावर प्रशिक्षण घेतलेले ग्रुपसुद्धा न घेतलेल्यांइतकाच धोका पत्करताना दिसले. म्हणजे कोर्सचं सर्टिफिकेट खिशात राहतं, निर्णय मात्र मित्रमंडळच घेतं.

तिसरा युक्तिवाद : "आपल्याकडे बीकन आहे ना!" गाडीत सीटबेल्ट आहे म्हणून कुणी दरीत गाडी घालत नाही. बीकन, घडीचा लांब प्रोब आणि फावडं हे साहित्य हवंच, त्याशिवाय गेटबाहेर पाऊल टाकू नये. पण हे साहित्य उतार सुटू नये म्हणून नसतं, सुटल्यावर शोधायला असतं. थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा घट्ट बसतो, आतल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता चांगली, त्यानंतर ती झपाट्याने कोसळते. आणि साधारण एक चतुर्थांश लोक गुदमरून नाही तर झाडं-खडकांवर आपटून जातात, त्यांना बीकन काय करणार? ६ फेब्रुवारी २०२१ ला सॉल्ट लेक सिटीजवळच्या मिल क्रीक कॅन्यनमध्ये विल्सन ग्लेड इथे दोन वेगवेगळ्या ग्रुपमधले मिळून आठ जण स्की करत होते. वाचलेल्यांनी जिवाच्या आकांताने खणलं. तरीही चौघं गेले, सगळे विशीतले. त्या हंगामात अमेरिकेत हिमस्खलनाने एकूण ३७ बळी घेतले.

त्या १०-१५ मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही. पॅट्रोलही बहुधा येत नाही. येतो तो फक्त तुमचा मित्र. ज्याला तुम्ही गेटपाशी "फट्टू" म्हणून गप्प बसवलंत त्याच्याच हातात फावडं असतं. इतका विश्वास ज्याच्या हातांवर टाकता, त्याच्या एका शब्दावर का नाही टाकत?

आता जरा आपल्याकडे वळू, कारण हा रोग फक्त स्कीवाल्यांचा नाही. आपण मराठी माणसं भिडेची. "भीड ही भिकेची बहीण" अशी म्हण आपल्याच भाषेत आहे, तरी चारचौघांत दुधात मिठाचा खडा टाकणाऱ्याला आपण वर्षानुवर्षं माफ करत नाही. कॉलेजात असताना भर पावसात धबधब्याखाली जाताना हेच, उशीर झालेला असताना रात्री घाटातून गाडी काढताना हेच. ज्याने "नको" म्हटलं तो बोअर, ज्याने "चल" म्हटलं तो दिलदार. ही सवय घेऊनच आपण न्यूजर्सीला येतो आणि तिथून युटाला जातो. फरक एवढाच की लोणावळ्यात भिजून परत येण्याची सवय झालेल्या माणसाला ३५ अंशांचा उतार काय चीज आहे हे माहीत नसतं. आणि आता तर गुलमर्गला गोंडोलातून वर जाऊन पावडर शोधणारे आपले लोकही वाढतायत. तिथेही २०२३ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीपटू आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात गेले.

काही जण म्हणतील, निर्णय बहुमताने का नको? पाचातले चार हो म्हणत असतील तर लोकशाही आहे की नाही? पिझ्झावर काय घालायचं ते बहुमताने ठरवा. चौघांच्या मताने रव्याचे दाणे घट्ट होत नाहीत. आणि "नको" म्हणणाऱ्याला तरी जाऊ द्या एकट्याला परत, हाही उपाय नव्हे. तो गेला की तुमच्यातला एक खणणारा कमी झाला, आणि जाताना त्याने पाहिलेलं काहीतरी बरोबर नेलं.

विमानवाल्यांनी हा धडा फार महाग किंमत देऊन शिकला. २७ मार्च १९७७, टेनेरिफ. धुक्यात केएलएमचं जंबो धावपट्टीवर निघालं तेव्हा पॅनॅमचं जंबो त्याच पट्टीवर होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, की ते विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा. त्याने ठामपणे ते उडवून लावलं. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. ५८३ माणसं गेली. त्यानंतर विमान कंपन्यांनी दोन गोष्टी शिकवायला सुरुवात केली : कनिष्ठाने ठासून बोलायचं, आणि ज्येष्ठाने ऐकायचं. विनम्रपणे एकदा विचारून गप्प बसणं हे कॉकपिटमध्ये सभ्यपणाचं लक्षण राहिलं नाही.

स्कीच्या जगातही हे शिकवलं जातं. अमेरिकेतल्या हिमस्खलनाच्या कोर्समध्ये साफ सांगतात, की ग्रुपमधल्या कुणाचाही नकार मानायचा. हे कोर्समध्ये ऐकून मान डोलावणारे लोक गेटपाशी ते का विसरतात? कारण तिथे नियम नसतो, मित्र असतात. म्हणून नियम घरूनच न्यावा लागतो. मला तीन गोष्टी पुरेशा वाटतात. एक, गेटपाशी प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं, आणि सुरुवात सगळ्यांत कच्च्यापासून करायची. अनुभवी माणूस आधी बोलला की बाकीच्यांची मतं तिथेच संपतात. दोन, "नको"ला कारण मागायचं नाही. मनात आलेली पाल चुकचुकली, एवढं कारण बास. आणि संध्याकाळी बिअर पिताना त्यावर जोक नाही, कधीच नाही. तीन, दुसरा बेत आधीच ठरवून ठेवायचा. "नको" म्हटलं की दिवस बुडाला, असं असेल तर कुणाचीच जीभ उचलणार नाही. "नको म्हणजे रिसॉर्टच्या आतल्या झाडीत जायचं" असं आदल्या रात्रीच ठरलं असेल तर ती सहज उचलते.

"मग घरातच बसा की!" हो, हेही ऐकून झालंय. नाही बसायचं. पावडर ही या जगात शनिवार-रविवार घालवायच्या सर्वोत्तम गोष्टींपैकी एक आहे असं माझं प्रामाणिक मत आहे, आणि मी या हंगामातही जाणार आहे. पण "अशाने एक भित्रा माणूस सगळ्यांचे सगळे दिवस खाईल" ही भीती मला खोटी वाटते. ज्याला खरंच कायम भीती वाटते तो हजारो डॉलर खर्चून तुमच्याबरोबर तिथपर्यंत येतच नाही. जो येतो, आणि तिथे उभा राहून, तुमच्या पडलेल्या चेहऱ्यांसमोर "नको" म्हणतो, त्याला त्या गेटमधून जाण्यापेक्षा जास्त धाडस लागलेलं असतं. आत तर काय, सगळेच जातात.

तेव्हा मंडळी, यंदा ग्रुप बनवताना स्की कुणाला चांगली येते हे जरूर बघा. पण आधी हे बघा, की तुमच्या ग्रुपमध्ये "नको" म्हणू शकणारा एक तरी माणूस आहे का. नसेल तर ट्रिप बुक करू नका. आमच्याकडे असा एक होता, तो चौघांना नकोसा झालाय. मी आणि तो फेब्रुवारीत जातोय, तिसरी-चौथी जागा रिकामी आहे. स्की कच्ची असली तरी चालेल.

असो. भेटूच पुढच्या वीकेंडला.